जुन्या मशिदीवरचे पत्रे

पाडांग, ४ मार्च १९८६

ती. थोरली बहीण रोसमानियार उनी हिला धाकट्या भावाचा सलाम. वि. वि.

काल विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या गावच्या जुन्या मशिदीत येऊन गेलो. घरी डोकावलो नाही, रागावू नकोस. बस थांबायला तयार नव्हती. पण खरं सांगू, तोंड कडू झालं. ताडाच्या काळ्या काथ्याचं तीन टप्प्यांचं छप्पर, दोनशे वर्षांचं, आणि त्यावर निळे पत्रे! कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? अख्ख्या इमारतीत एक खिळा सापडणार नाही, असं मी मुलांना वाटभर सांगत आलो होतो. बघतो तर कोरीव तुळईत भोंग्याच्या तारेसाठी खिळ्यांची रांग. कडेच्या खांबांना हिरवा ऑइलपेंट. एका मुलीनं विचारलं, सर, हीच का ती? मला शिसारी आली.

मधला खांब तेवढा तसाच आहे. त्याला हात लावून उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले.

मी जुन्या वास्तूंच्या कचेरीला लगेच लिहिलं आहे. आपल्याकडे घराण्यात शब्द मामाचा चालतो, त्या नात्यानं गावपंचांनाही कळवलं आहे, की पत्रे उतरवा, आणि पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका. तू म्हणशील, आला मोठा शहाणा. म्हण बापडी.

जुस्ना मावशीला सलाम. तिच्या हातचा बांबूतला भात आठवतो.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा सियाफ्रिल

कोटो लुराह, २१ एप्रिल

चि. सियाफ्रिल यास आशीर्वाद.

मामाचा शब्द, तो कोण मोडणार? पंचांनी पत्रे उतरवले. तेव्हापासून पाऊस आहे. पत्र्याखालचा काथ्या कधीच कुजला होता. वर चढून कोणी पाहिलं होतं? तू तर नाहीच. आता आत वटवाघळं शिरली आहेत. मिंबराच्या, इमाम प्रवचनाला चढतात त्या कोरीव पायऱ्यांवर त्यांची घाण साचते. सतरंज्यांचा वास दोनदा आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. पुरुष नमाजाला बाजारातल्या नव्या सभागृहात जाऊ लागले. तिथं बायकांना जागा नाही, म्हणून आम्ही इथंच, मागच्या बाजूला, नेमक्या गळतीखाली.

गेल्या शुक्रवारी जुस्ना मावशी सिजद्यात कपाळ टेकून उठताना फळी मोडली. मांडीपर्यंत पाय खाली गेला. मशीद खांबांवर उंच उभी, फळ्यांच्या जमिनीखाली शेळ्या बसतात, त्या चिखलात. नडगी मोडली आणि जखमेत लेंड्या. मी धुतली ती जखम. काय काय निघालं ते लिहीत नाही, तुझा जेवणाचा वेळ असेल. मावशी तुला कळवू नका म्हणाली.

आणि एक. चहावाल्या यार्नीनं सांगितलं, त्या दिवशी दुपारचा नमाज तू सभागृहात पढलास. जुन्या मशिदीत फार घाण आहे, असं मुलांना म्हणालास म्हणे. तेव्हा तर पत्रे होते, सगळं कोरडं होतं. म्हणजे डोळे भरून आणायला ती जागा, आणि कपाळ टेकायला फरशी. सियाफ्रिल, मला तुझी किळस आली. लहानपणी तुझी दुपटी धुतली आहेत मी, तेव्हा आली नव्हती.

रोसमानियार

पाडांग, ९ मे

ती. उनी, सलाम.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आलो होतो. तू शेतावर होतीस, आणि तुला तोंड दाखवायचा धीर नव्हता. आधी मशिदीत गेलो. बायकांच्या जागेवर बसलो. पाऊणएक तासात बाहेर पळालो आणि तळ्याकाठी ओकलो.

मग दवाखान्यात मावशीकडे गेलो. तिनं आधी विचारलं, जेवलास का. मी माफी मागू लागलो तर म्हणाली, दोनशे वर्षांचं म्हणतोस ते छप्पर आम्ही माझ्या लग्नाच्या वर्षी बदललं. दर थोड्या वर्षांनी कुजकं काढायचं, नवं घालायचं. घरटी माणसं यायची. एवढं शिकलास, मला विचारलं का नाहीस? उनी, ती हसली.

कचेरीत गेलो. पाहणीची तारीखच ठरलेली नाही. माझं पत्र मागे घेतो म्हटलं, तर त्यावरून दुरुस्तीला घातलेली मनाई आता उठत नाही म्हणाले. पंचांना लिहिलं आहे, की पत्रे चढवा, दोष माझ्या नावावर. माझ्या लेखात या मशिदीला मी ‘अस्पर्शित’ म्हटलं आहे. तो शब्द दिसेल तिथं खोडतो आहे.

सियाफ्रिल

कोटो लुराह, २ जुलै

चि. सियाफ्रिल यास आशीर्वाद.

पत्रे चढले. कचेरीचा माणूस मनाई मोडल्याची नोटीस घेऊन आला, तिच्यावर मी सही केली. तुझं नाव लावू दिलं नाही. इथं राहतो आम्ही, तर दोषही आमचाच.

मावशीचा पाय गुडघ्याखाली कापला. जखम सडली होती. आता आम्ही चौघी तिला खुर्चीसकट उचलून आणतो. ती अंगणात बसून पोरींना काथ्या वळायला शिकवते. बायका डोंगरावर जाऊन ताड सोलत आहेत. वरचा एक टप्पा शाकारायला दोन वर्षं लागतील, असा तिचा हिशेब. इतकं जगणार का, विचारलं तर म्हणाली, वळ मुकाट्यानं.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं धरून येऊ नकोस. पण ये. मामा म्हणून नको. मामाचं ऐकून झालं. कोयता आण आणि जुने कपडे आण. मावशी तुला तिच्या शेजारी बसवणार आहे, पोरींच्या रांगेत, सर्वात शेवटी.

तुझी थोरली बहीण,
रोसमानियार