माझा राबमुक्त वाफा

४ मार्च २००१
पुण्याच्या सरांचं महाडला कॉलेजात व्याख्यान झालं, त्याला तीन दिवस झाले. डोकं अजून ठिकाणावर नाही. विषय: पर्यावरणाचं तत्त्वज्ञान. झाडाला स्वतःचं मूल्य असतं, माणसाच्या उपयोगावर ते ठरत नाही. एकोणीस वर्षं शेतात काढली, पण हे कुणी सांगितलं नाही. वर्गातल्या समीक्षाने चार पानं लिहून घेतली. मी पाच.
संकल्प: यापुढे झाडाला इजा नाही.

५ मार्च
बाबांनी सकाळीच कोयता हातात दिला. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या. ठाम नकार दिला. फांद्या, शेण, गवत वाफ्यावर पसरून जाळायचं आणि त्या राखेत भाताची रोपं करायची, ही शुद्ध हिंसा आहे, हे समजावलं. विडी संपेपर्यंत बाबांनी ऐकलं. मग म्हणाले, "वरचा वाफा तुजा. कर तुज्या मनासारका. पन वरच्या तीन खाचरांची लावणी त्याच्यावरच हाय."
त्या खाचरांतून घरचा चार महिन्यांचा तांदूळ येतो. एवढा विश्वास! आईने भाकरी जरा जोरात थापली.

२२ एप्रिल
वाडीभर राब पेटले. नाकाला रुमाल बांधून निषेध नोंदवला. शेजारच्या कुशाबाकाकांनी आईला विचारलं, "पोराला सर्दी झालीय काय गो?"

९ जून
पेरणी. माझ्या वाफ्यात राखेचा कणही नाही. बाबा खालच्या वाफ्यात पेरत होते. फार वेळ लावला. वय झालं त्यांचं.

२४ जून
उगवलं! हिरवंगार! समीक्षा कॉलेजच्या भित्तिपत्रकाची संपादक आहे. तिला सहज म्हणून तीनदा सांगितलं. १५ जुलैला मंडळी बघायला येणार, कॅमेऱ्यासह.

१ जुलै
उगवलंय त्यात भात किती, हे नक्की सांगता येत नाही. आई म्हणाली, गवत उपट. मी म्हटलं, तण हे माणसाने दिलेलं नाव आहे. आई म्हणाली, "नाव मानसानं दिलंय, पोट पन मानसालाच हाय." हे वहीत लिहिणार नव्हतो.

८ जुलै
गवत उपटायला तत्त्वतः विरोध. तरी उद्या उपटू. आज कंबर धरलीय.

१५ जुलै, संध्याकाळी
समीक्षा आठ जणांना घेऊन आली. खालच्या वाफ्यापाशीच थांबली. राब न करता इतकं छान येतं? मी हो म्हणालो नाही. नुसती मान हलवली. तेवढ्यात बाबा आले. "ह्यो राबाचा हाय. तेचा वरती."
सगळे वर गेले. मी जैवविविधतेवर दहा मिनिटं बोललो. समीक्षाने विचारलं, यातलं भात कुठलं? सात काड्या दाखवल्या. आठवी गवत निघाली. मंडळी खाली बाबांकडे गेली आणि चहा होईपर्यंत तिथेच रमली.

१८ जुलै
वाडीत सगळ्यांची लावणी सुरू. माझ्याकडे रोपं नाहीत. चार महिने आई काय शिजवणार? शेवटी बाबांना सांगायला गेलो. ते खालच्या वाफ्यातल्या रोपांच्या मुठी बांधून वर नेत होते. जूनमध्येच माझ्या वाट्याचंही बी पेरून ठेवलं होतं. लाज वाटली. विचारलं, मग तेव्हाच मला अडवलं का नाही?
"शिकतोस ना? मंग शिकू दिला. चल, मुठी उचल."

४ ऑगस्ट
भित्तिपत्रक लागलं. पानभर बाबांची मुलाखत. ऐनाच्या किती फांद्या तोडायच्या, शेंडा का राखायचा, झाड पुन्हा कसं फुटतं. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, मी विचारलं नव्हतं. फोटोत माझं कोपर आहे.
समीक्षाने बाबांना कॉलेजात बोलायला बोलावलंय. बाबा म्हणाले, येतो, पण आधी वरचा वाफा मोकळा कर.
आज गवत कापून म्हशीपुढे टाकलं. जैवविविधता अर्ध्या तासात संपली. सात काड्यांसकट.