रोजची ठळक रेघ

प्रिय ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मधेमधे बोलतेस, मी रडते, मग तू माझ्याहून मोठ्याने रडतेस आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून कागद घेतला. निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात फोन लावायचा नाही.

आम्हाला मूल हवंय हे तुला ठाऊक आहे, पण त्यासाठी घरात काय काय चालायचं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. औषधांच्या दुकानात पट्ट्या मिळतात. कपात लघवी घ्यायची, पट्टी खुणेपर्यंत बुडवायची, सपाट ठेवायची आणि थोडं थांबायचं. एक रेघ नेहमीच उमटते. दुसरी तिच्याइतकी किंवा तिच्याहून ठळक झाली की समजायचं, एक-दोन दिवसांत बीज सुटणार. गरोदरपणाच्या पट्टीसारखं नाही हं. तिथे पुसट रेघेवरही लोक पेढे वाटायला निघतात, इथे पुसट म्हणजे नाही. खरं तर मला हे सहज जमायला हवं होतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'ही स्पष्ट की ती?' विचारणारी बाई मी. पण फ्लशच्या टाकीवर ठेवलेल्या त्या पट्टीपुढे माझी मती गुंग व्हायची. मग तुझ्या भाऊजींना बोलवायचं. ते ती खिडकीशी नेऊन तिरकी धरायचे आणि म्हणायचे, "तुला हवी तेवढी ठळक आहे." असल्या उत्तराचं काय लोणचं घालायचं!

सुरुवातीला मजाही वाटायची. ते कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत असायचे. कामाच्या दिवशी मी दुकानातच पट्टी बुडवायचे आणि त्यांना फोनवर एवढंच लिहायचे, 'आली.' मग हातातलं काम उरकून स्वारी घरी हजर. एकदा त्यांच्या साहेबांनी तो निरोप वाचून विचारलं, "दर महिन्याला कोण येतं हो तुमच्याकडे?" तर हे म्हणाले, "सासूबाई." आईला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हा माणूस तिला असा कामाला लावतो म्हणून मी आधी रागावले, मग हसून हसून बेजार झाले. आई असती तर तीही हसली असती.

पुढे हसू आटलं. दुसरी रेघ कधी पुसट, कधी नुसता भास. पाळीही लांबायला लागली होती, पण मी म्हटलं, दिवसभर उभं राहायचं काम, डोक्याला ताप, होतं असं. आणि मग एका दुपारी रेघ आली ती अशी गडद की खिडकीशी न्यायची गरजच पडली नाही. मी दुकानातून लवकर निघाले. दुसऱ्या दिवशीही तशीच. त्यानंतरही तशीच. मी इतकी खूश, की तुला फोन करून उगाच स्वेटरच्या विणीबद्दल बोलत बसले होते, आठवतं? तुला वाटलं असेल, ताईला अचानक विणायची हुक्की आली. इकडे तुझे भाऊजी मात्र कॅलेंडर चाळायला लागले. एकदा पट्टी हातात धरून म्हणाले, "रोजच कशी गं?" मी फटकन बोलले, "एवढं चांगलं चाललंय तेही बघवत नाही का?" त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि जेवायची ताटं घेतली. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही, नुसते ताटांपुढे बसलो.

याच सुमाराला दुकानात ते पहिल्यांदा झालं. आमची डोळे तपासायची खोली लहान आहे, म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या मागे टांगलाय आणि समोरच्या आरशात तो दिसतो. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते. मी दिवा मालवला, भिंग बदललं, आणि छातीतून एकदम आगीचा लोळ उठला. गळ्यापर्यंत, कानांपर्यंत. गार खोलीत घामाने चिंब झाले. मी मान उलट्या हाताने पुसली आणि समोर आरशात, तक्त्याच्या उजेडात, आई उभी होती. लाल चेहरा, ओठ आवळलेले, कॉलर बोटाने सैल करणारी. अगदी अशीच ती स्वयंपाक अर्धा टाकून खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि आपल्याला बजावायची, "काही नाही गं, धग लागली." तू तेव्हा जेमतेम चालायला लागली होतीस, तुला नाही आठवायचं. ते गृहस्थ विचारत होते, "आता कुठली ओळ वाचू?" आणि मी आरशाकडेच बघत होते. त्यानंतर आई येतच राहिली. दिवा मालवला की मी आरशाकडे पाठ करून उभी राहायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई तुसडी आहे.

शेवटी यांनीच मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी पट्ट्या रुमालात बांधून नेल्या होत्या, परीक्षेत पहिली आलेली मुलगी निकाल दाखवायला नेते तशा. त्यांनी त्या बघितल्याच नाहीत. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, आणि पुढच्या भेटीला मला शेजारच्या खुर्चीवर बसवून सांगितलं, "तुमची अंडाशयं वयाच्या मानाने फार लवकर थकली आहेत. बीजं जवळजवळ संपली." मी म्हटलं, "पण रेघ तर रोज येते!" त्या म्हणाल्या, "मेंदू अंडाशयाला हाक मारतो. तिकडून ओ आली की हाक थांबते. तुमच्याकडे ओ येत नाही, म्हणून तो सारखा ओरडतोय. पट्टी ती हाक मोजते, बीज नाही मोजत." यांनी माझा हात धरला होता. मला एवढंच आठवतं, की यांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता आणि तो वास मला हवाहवासा वाटत होता.

बाईंनी घरच्या बायकांबद्दल विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही, म्हणून मावशीला फोन केला. तिने बराच वेळ आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "तुझ्या आईचं पस्तिशीच्या आतच आटोपलं. धाकटी झाली तीच नशिबाने. आणि माझं तर त्याही आधी." आपण इतकी वर्षं मावशीला मूल नाही म्हणून काकांकडे बोट दाखवत आलो, आणि ते बिचारे सगळं पोटात ठेवून हसत राहिले. मी विचारलं, "आईने आम्हाला का नाही सांगितलं?" तर म्हणते, "काय सांगायचं? लाज वाटायची गं आम्हाला." ढब्बू, आईची धग ती ही होती. ती माझ्या अंगात आधीपासूनच येऊन बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

मला वेड लागलेलं नाही, काळजी करू नकोस. कामावर जाते, जेवते. पण भांडी घासताना मान वळते. कुणी तरी मागून हाक मारली असं वाटतं. कोण कुणाला बोलावतंय हे आता मला सांगता येत नाही. उरलेल्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. अजूनही अधूनमधून एक बुडवते आणि रेघ गडद होताना बघत बसते. यांनी परवा पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण ते बाथरूमच्या उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "झालं की सांग, बाहेर फिरून येऊ." आम्ही फिरून आलो.

आता मुद्दा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्या कुणाचं बीज घेऊन मूल होऊ शकतं, सख्खी बहीण असेल तर विचारून बघा. तुझ्याकडे ते मागायचं म्हणून मी पत्र लिहायला बसले होते, आणि तो कागद मी फाडून टाकला. मी बाईंना आईचं आणि मावशीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं होतं, "बहिणीची तपासणी झाली आहे का?" माझ्यासाठी नव्हे गं, तुझ्यासाठी. तू परवा म्हणालीस ना, आधी नोकरीत पाय रोवू दे, मूल काय, चाळिशीकडे बघू. बघ, जरूर बघ, पण तुझ्याजवळ तेवढा वेळ आहे का हे आधी विचारून घे. या आठवड्यातच रक्त तपासून ये. मला तुझ्याकडून काही नको, हे डोक्यात पक्कं ठेव. आणि निकाल आला की सगळ्यांआधी मला सांग. तुझा चांगला आला तर ताईला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. वाटेल थोडं. ते माझं मी निस्तरेन. पण आपल्या घरातल्या बायका आता एकमेकींपासून हे लपवणार नाहीत.

तुझीच,
ताई