दारामागं

रविवार, दिवेलागण. कारेगाव.

आज केडगावचे पाहुणे मला बघून गेले. पोहे घेऊन बाहेरच्या खोलीत जाताना मी सवयीनं आधी दारामागं डोकावले, आणि सगळे खो खो हसले. म्हणजे दादाचे व्हिडिओ त्यांनीही बघितलेत. दादा दारामागून भॉक करतो, मी किंचाळते, हातातलं सांडतं आणि ते बघून अख्खा गाव हसतो.

मुलाची आई म्हणाली, "रोज बघतो की तुला मोबाईलवर. एकदा वरडून दाखीव की गं!" शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. माझ्या आईनं डोळ्यांनी दटावलं. मग किंचाळले. काय करणार? तर मुलगा फोन काढून म्हणतो, "थांबा, परत एकदा. आत्ताचं शूट न्हाई झालं."

उठतानाच त्यांनी पसंती सांगितली. दादा मिरवतोय, माझ्यामुळंच जमलं म्हणून. खरंय मेल्याचं.

निघताना मुलाचे मामा तेवढे म्हणाले, "पोरी, तुला काय विचारायचं असंल तर विचार." आई माझ्याकडंच बघत होती. मी "काही नाही" म्हणाले.

त्यांच्या घराला दारं किती आहेत, एवढंच विचारायचं होतं.