बॉलवरची दुसरी खूण

मी, बोलिंग बॉलला बोटांची भोकं पाडून देणारा कारागीर, वय अडुसष्ट, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही, औषधांची गुंगी नाही. हृदय निम्म्याने काम करतं असं डॉक्टर म्हणतात. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फारच भला माणूस दिसत होतो.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. तो मीच बसवला आहे, प्लंबरला बोल लावू नये.

कलम २. माझ्यामागे सभा घेऊ नये. घेतलीच तर बोलिंग सेंटरच्या मॅनेजरला बोलू देऊ नये. सेंटरमधल्या माझ्या दुकानातल्या टेबलावर अकरा वर्षं छत गळतंय, त्याने बादली तेवढी पाठवली, आणि आता तो मला आधारस्तंभ म्हणेल.

कलम ३. दुकानाच्या काचेत कापलेले दोन अर्धे बॉल आहेत. डाव्याचा गाभा सिमेट्रिक, म्हणजे सगळीकडून सारखा. तिथे एका रंगीत ठिपक्यावरून माप घेतलं की काम झालं. उजव्याचा असिमेट्रिक, एका अंगाला जास्त जड. म्हणून त्याच्यावर दुसरी खूण असते आणि अंगठ्याचं भोक तिच्यापासून मोजून पाडावं लागतं. ते चुकलं तर बॉल लवकर वळतो आणि लेनच्या टोकाला उभ्या केलेल्या पिनांपर्यंत जाईस्तोवर त्याचा दम संपतो. एकोणीस वर्षं मी गिऱ्हाइकांसमोर हे शहाणपण पाजळत आलो. उजवा बॉल कुणाचा, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीचा आहे.

संघासाठी तिची निवड चाचणी होती, तिच्या आदल्या दिवशी तो नवा बॉल खोक्यातून निघाला. तसला मी पहिल्यांदाच पाहत होतो. सोबतचं माहितीपत्रक मी न वाचता टेबलाच्या पायाखाली घातलं, कारण टेबल डगमगत होतं. बहिणीने विचारलं, "दादा, ही दुसरी खूण कसली रे?"

मी म्हणालो, "कारखान्याचा डाग आहे. पुसला जाईल."

आणि नेहमीच्या बॉलसारखीच भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी चौथ्या फ्रेमनंतर, म्हणजे चौथी पाळी टाकून, ती बाकापाशी आली. "दादा, हा लवकर वळतोय."

"बॉल ठीक आहे. तूच कच खातेयस. हात बघ तुझा."

तिने हात बदलला, पाय बदलला, शेवटी सगळंच विसकटलं. आठ जणींत आठवी आली. बॉल माझ्याकडे टाकून म्हणाली, "विकून टाक." महिनाभराने कंपनीचा माणूस नवे बॉल समजावून द्यायला आला. त्याने दुसऱ्या खुणेवर बोट ठेवलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. घरी गेलो तर बहीण भाजी चिरत होती. सांगायला तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. बॉल विकला नाही, कापून काचेत मांडला.

चूक कुणाच्याही हातून होते, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. पण त्याच वर्षी ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. सुई टोचायचं काम तिने चार महिन्यांत सोडलं आणि पावत्यांच्या खिडकीत जाऊन बसली. म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा नाही, दादा. तूच पाहिलंयस." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आता भाची खेळायचं म्हणते, तर तिची आई तिला सांगते की आपल्या घरात हात स्थिर नाहीत.

तो अर्धा बॉल काचेतच ठेवावा. खाली पाटी लावावी: "भोकं चुकीची. खेळाडूचा दोष नाही."

कलम ४. ड्रिल मशीन, मापाच्या पट्ट्या आणि कानशी सेंटरच्या जुन्या लेन मेकॅनिकला. बहिणीचा बॉल मी कापण्याआधी त्याने हातात घेऊन पाहिला होता. एवढंच म्हणाला, "अंगठा चुकलाय रे. पोरीला सांग." मी त्याला हत्यारचोर ठरवलं आणि दुकानात पाऊल टाकू दिलं नाही. त्याने काही चोरलं नव्हतं. हरवलेला पाना मला नंतर माझ्याच कपाटात सापडला.

कलम ५. धाकट्या बहिणीला काही ठेवलेलं नाही, आणि ते मुद्दाम. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मला ती साक्षीदार म्हणूनच हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, हेही त्यांनी सांगितलं. तिने वाचावा. मी गेल्यावर तिला हे कळावं, अशी सोय मी आधीच्या कागदात केली होती. म्हणजे तिच्यासमोर उभं राहायला नको. तो कागद काल फाडला.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: बुधवार, महिन्याची नऊ तारीख, सकाळचे अकरा
मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिली, वकीलबाई: सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: सगळं वाचलं, दोनदा. माफ केलं असं लिहून देत नाही, आज तरी नाही. मेकॅनिककाकांना मी दुपारी इथे बोलावलंय. मशीन नंतर मिळेल, कलम चार दादाने त्यांना आजच तोंडाने सांगायचं आहे. सही करताना दादा पूर्ण शुद्धीवर होता, असं साक्षीदाराने लिहावं लागतं म्हणे. होता. त्या दिवशी मान डोलावली, तेव्हाही होता. (सही)