चिठ्ठीची मागली बाजू

मंगळवार, संध्याकाळ

पाटोद्याच्या बाईच्या अंगात देवी येते. मागल्या साली तिला प्रश्न पुसायला गेलतो, तर सासूनं दारातच घरातलं सगळं सांगून टाकलं. मग बाईनं घुमत घुमत तेच आम्हाला परत सांगितलं! म्हणून यंदा तयारीनं गेले. चार दिवस चिठ्ठीवर प्रश्न लिहीत होते, खोडत होते. शेवटी एकच ठेवला: यंदा ऊसतोडीला जाऊ, का चौसाळ्यात शिलाई मशीन टाकू? सासूला बजावलं, "आत्या, आज तोंड उघडायचं न्हाई."

बाई घुमायला लागली. "काय पुसती?" चिठ्ठी मुठीत होती, पण तोंडातून निघालं, "ऊसतोडीला मी जाणार न्हाई. मशीन टाकणार हाय."

हा प्रश्न कुठं होता? माझं मलाच नवल वाटलं. सासूनं तोंडाला पदर लावला, पण शब्द पाळला. नवरा काय म्हणेल? म्हणू दे.

बाईचं घुमणं थांबलं. "मंग मला कावून पुसती?" म्हणाली. आणि जरा वेळानं, हळूच, "झंपर शिवतीस का? माझ्या मापाचा कुणाला जमत न्हाई."

चिठ्ठी तिथंच उलटी केली आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतलं.