नव्वद नंबरचं तेल

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. गाडीच्या मागून आवाज येतोय आणि पद्धतशीर नोंद ठेवली की कुठलाही बिघाड सापडतो. आवाज बारीक, लांबलेला. कुंईंऽऽ. साठच्या पुढे सुरू, त्याच्या आत बंद. घाबरण्यासारखं काही नाही. बत्तीस वर्षं लातुरात लाकडी घाण्यावर तेल काढतोय. घाण्याच्या नुसत्या आवाजावरून सांगतो, करडई ओली की वाळलेली. गाडी म्हणजे तरी काय, चाकं लावलेला घाणाच.

वेळ भरपूर आहे. वर्षाराणीला नांदेडहून आणायचं ते २१ तारखेला. सातवा महिना २३ ला संपतो, आणि आठव्यात आपल्यात लेकीला हलवत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार आणि लेक माझ्या गाडीतून येणार, असं व्याही धोंडप्पांना मी चारचौघांत सांगून बसलोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार
निदान पहिलं: स्टेपनी. काढून न्हाणीत ठेवली. आवाज आहे. निदान दुसरं: मागच्या सीटखालचा जॅक. तोही काढला. आवाज आहे, शिवाय न्हाणीत जायला जागा नाही. मल्लम्मा म्हणाली, मिस्त्रीला दाखवा. बायकांना घाई फार. मिस्त्रीला आवाज ऐकवला की तो आधी गाडी खोलतो, मग विचार करतो. मी आधी विचार करतोय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आवाज आता पन्नासलाच सुरू होतो. चांगलं लक्षण. कारण लपून बसलं होतं, ते पुढे येतंय. मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले. कंबर धरली. मल्लम्माला बाजारात नेलं तर येताना म्हणाली, अहो, रडून राहिली हो गाडी. रडत नाही, बोलतेय. ऐकणारा पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी अंगणात गाडीखाली काळा डाग. बशीएवढा. शेजारच्या ईश्वरप्पाची स्कूटर कधी कधी आमच्या फाटकात उभी असते, तिचा असणार. त्याला सांगितलं. तो म्हणाला, अप्पा, माझी स्कूटर चार दिवस झालं गॅरेजात हाय. असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
डाग परातीएवढा. मल्लम्माने आज रांगोळी दोन हात सरकवून काढली.
रोज गाडीखाली सावलीला झोपणारं कुत्रं आता रस्त्यापलीकडे मेडिकलच्या पायरीवर झोपतं. तिथून गाडीकडे बघत बसतं. ऊन वाढल्यामुळे असेल.
कानात कापूस घालून चालवून पाहिली. आवाज निम्मा. म्हणजे निम्मा दोष कानाचा. तरी स्टेअरिंगला हात लावला की तो बोटांतून येतो. हे मल्लम्माला सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
गाडी ज्याच्याकडून जुनी घेतली त्या लोह्याच्या शेषेराव मिस्त्रीला फोन केला. सल्ल्यासाठी नाही, पडताळणीसाठी. तो म्हणाला, अप्पा, मागच्या दोन चाकांच्या मधी लोखंडी गोळा हाय न्हाई का, त्याच्यातलं तेल गळालंय. नव्वद नंबर घाला आन् गळती बंद करून घ्या. तसंच पळवू नका, लई बेकार होईल.

तेल! मला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं. घाणा कुंईं करायला लागला की तो तेल मागत असतो, हे आमच्याकडे पोरासोरांना कळतं. आणि तेलाचं मला सांगणार लोह्याचा मिस्त्री.

१६ फेब्रुवारी, रविवार
स्वतः खाली शिरलो. गोळ्याचा बोल्ट खोलला. आतून जे निघालं ते काळं, चिकट, सडक्या वासाचं आणि जेमतेम वाटीभर. असलं तेल मी दुष्मनालाही विकणार नाही. गाडी रडेल नाही तर काय करेल!
नव्वद नंबर म्हणजे दुकानदारांनी काढलेली नावं. आपल्या घाण्याचं शुद्ध करडई, कालच काढलेलं, दोन लिटर ओतलं. बोल्टला साबण लावून घट्ट केला. गळती बंद. मल्लम्माने विचारलं, हे चालतं का त्याला? म्हटलं, माणसाला चालतं ते लोखंडाला का चालणार नाही?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आवाज बंद! पूर्ण बंद. रिंग रोडला सत्तरने दोन चकरा मारल्या. इतकी शांतता की मीच दोनदा मागे वळून पाहिलं.
धोंडप्पांना फोन केला. ते म्हणाले, लेकराची गोष्ट हाय अप्पा, गाडी मिस्त्रीनं बघितली ना? म्हटलं, बघितली. शेषेरावने फोनवर ऐकली, म्हणजे बघितल्यासारखीच.
गाडी उभी केली की भज्यांचा वास येतो. भूक लागते. बाकी उत्तम.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७
निघतोय, मल्लम्माही सोबत. तिने गाडीपुढे नारळ फोडला. नासका निघाला. नारळवाल्याला आल्यावर बघतो.

सकाळी ११
नांदेडला पोचलो. अहमदपूरच्या पुढे थोडा धूर दिसला, पण तो कुणीतरी शेतात पाचट जाळत असणार. धूर आमच्यासोबत लोह्यापर्यंत आला. वाऱ्याची दिशा तीच होती.

दुपारी २
ओटी भरली. वर्षाराणी गोड दिसते. धोंडप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, वास कशाचा येऊन राहिला? म्हटलं, शेजारी कुणी तळत असेल. निघतोय.

संध्याकाळी ६. लोहा, शेषेरावचं गॅरेज
नीट लिहून ठेवतो.
लोह्याच्या अलीकडे वर्षाराणी म्हणाली, अप्पा, भज्याचा वास येतोय, मला भजी पाहिजेत. डोहाळे. म्हटलं, स्टँडवर थांबू. तेवढ्यात पुन्हा आवाज. कुंईं नाही. हलक्या आवाजात दळल्यासारखा. मी रेडिओ मोठा केला.
मग कट्ट झालं आणि मागची चाकं जागीच जाम. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि बाभळीच्या दोन हात अलीकडे थांबली. मागून येणारा ट्रक हॉर्न देत अगदी घासून गेला. आरशात वर्षाराणीचे दोन्ही हात पोटावर दिसले.
मी घाबरलो. खूप घाबरलो. ती अप्पा म्हणेपर्यंत मला मागे वळून बघवलं नाही.
शेषेराव आला. गोळा खोलला, तर सगळ्या रस्त्यावर तळणीचा वास. दाते झिजून गेलेले. बोट बुडवून त्याने वास घेतला आणि म्हणाला, अप्पा, गाडीला फोडणी देऊन राहिलते का? मी सांगितलं, शुद्ध आहे. तो म्हणाला, नव्वद नंबर टाकलं असतं तर काहीच झालं नसतं. तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.
धोंडप्पा दुसरी गाडी घेऊन आले. लेकीला आणि मल्लम्माला घेऊन थेट डॉक्टरकडे गेले. जाताना मला म्हणाले, तुम्ही निवांत या मागून.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बाळ ठीक आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आता प्रवास नको. उद्या सातवा संपतो. बाळंतपण नांदेडला. मल्लम्मा तिथेच राहते म्हणाली. फोन तिने लवकर ठेवला.
घरी एकटा आहे. घाणा बंद ठेवलाय. कुत्रं परत अंगणात येऊन झोपलंय, गाडी नाही त्या जागेवर.

४ मे, रविवार. नांदेड
बारसं. एसटीने आलो. मुलगी झाली. नाव शिवकांता. मालिशसाठी करडईचं तेल आणलं होतं. विहीणबाईंनी डबा घेतला, उघडून वास घेतला आणि वर फळीवर ठेवला.
बाळ माझ्या मांडीवर दिलं. डोळे मल्लम्मासारखे. थोड्या वेळाने ती बारीक, लांबलेल्या आवाजात रडायला लागली. कुंईंऽऽ. हुबेहूब. रडण्याचं कारण मला त्याच क्षणी कळलं आणि मी तोंड उघडलं.
खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. वर्षाराणीसुद्धा.
म्हटलं, डॉक्टरला दाखवा.