एक्झॉस्टमधली पिल्लं

अमोल,

सेकंड शिफ्टला निघालेय, थांबले तर सातपूरची बस चुकेल. भात कुकरमध्ये आहे, वरण साधंच ठेवलंय. एक्झॉस्ट फॅन अजिबात लावू नकोस, चिमणीची पिल्लं अजून आतच आहेत.

आज आप्पांनी कितीतरी दिवसांनी स्वतःहून काहीतरी मागितलं. लसणाची फोडणी दिलेलं वरण! फोडणीच्या धुराने त्यांना कशी ढास लागते ते तुला माहीत आहे. म्हटलं, पाच मिनिटं फॅन लावते. तर माझ्यावरच ओरडले, "पिल्लं मारतेस काय?" पडल्या पडल्या त्या चिमणीची ये-जा बघणं, एवढंच तर उरलंय त्यांना. मग शेजारच्या काकूंकडून वरणाला फोडणी घालून आणली. एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. म्हणाले, "घरात चर्र झालंच नाही, ही कसली फोडणी?"

डॉक्टर म्हणालेत, आता मागतील ते द्या. हे कसं देऊ, तूच सांग.

लसूण सोलून ओट्यावर ठेवलाय. पळीत तेलही घातलंय, पण गॅस पेटवायचा धीर मला झाला नाही. तुला झालाच, तर त्यांचा श्वासाचा पंप आधी उशाशी ठेव.

प्रतिभा